फिट झोपेत येतात, म्हणून झोपच उडाली

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला रोलँडिक एपिलेप्सी (लहान मुलांमधला अपस्माराचा एक प्रकार) आहे, फिट झोपेतच येतात. साडेनऊला अंथरुणावर घातलं तरी ११ पर्यंत टक्क जागा. थोपटणारा हात काढला की डोळे उघडतो. सकाळी साडेसातला उठता उठत नाही. रविवारी १० पर्यंत झोपतो. मीही धास्तीने रात्रभर जागीच. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : सुरुवात रविवारपासून करा. त्या दिवशी १० पर्यंत झोपू दिलं की त्याच रात्रीची झोप बिघडलीच. सातही दिवस साडेसातलाच उठवा आणि लगेच उजेडात न्या.

रात्री मात्र उलट करायचं. दोन आठवडे वहीत लिहा : अंथरुणावर कधी, झोप कधी, जाग कधी, फिट कधी. झोप ११ लाच लागत असेल, तर अंथरुणावरही पावणेअकरालाच घाला. दीड तास कूस बदलत पडलं की अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, हे डोक्यात बसतं. पटकन झोप लागू लागली की दर तीन रात्रींनी १५ मिनिटं अलीकडे या. पावणेदहापर्यंत यायला साधारण १२ रात्री लागतील. त्याला एरवी झोप लागते त्या वेळेपेक्षाही उशिरा मात्र निजवू नका. अपुरी झोप हेच फिट येण्याचं एक ठळक कारण आहे. म्हणूनच ६ ते १२ वर्षांच्या मुलांना लागणारी ९ ते १२ तासांची झोप गाठल्याशिवाय वेळ अलीकडे आणणं थांबवू नका. आणि निजायची वेळ सरकली तरी औषधाची वेळ सरकवायची नाही. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

थोपटणं एकदम तोडू नका. तीन-चार रात्री नुसता हात ठेवा, मग हात न लावता शेजारी पडा, मग थोडं अंतर राखा. वेगळ्या खोलीत निजवायची गरज नाही. आपल्याकडे मुलं जवळच झोपतात, त्याने काही बिघडत नाही. झोप लागताना हाताची सवय सुटली, की मध्यरात्री जाग आल्यावर तो हात शोधणार नाही. पहिल्या आठवड्यात रडारड वाढेल. तेव्हा एखाद्या रात्री आजी थोपटायला बसली, की पुन्हा पहिल्यापासून. घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

तुमची धास्ती रास्त आहे, पण जागं राहून फिट थांबत नाही. या प्रकारातल्या फिट बहुतेक दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि बहुतेक मुलांमध्ये हा आजार किशोरवयात मागे पडतो. फिट आली की कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटं उलटली की डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलाम स्प्रे (फिट थांबवणारा, नाकात मारायचा) वापरा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) सुचवलं आहे. द्यावं का?

उत्तर : मुलाच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर तेही त्यांना सांगा. अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असले की नुसत्या झोपेच्या गोळीने झोप सुधारत नाही. चालू असलेल्या फिटच्या औषधानेही झोप बदलू शकते : काहींनी पेंग येते, काहींनी उडते. तेव्हा वही आणि रात्रीचा मोबाइल व्हिडिओ घेऊन जा. ग्रुपचा उपयोग रडारडीच्या आठवड्यात धीर मिळायला जरूर करा. दुसऱ्याच्या मुलाचा डोस मात्र त्याच्या वजनाचा असतो, तुमच्या मुलाच्या नव्हे.