शिष्यवृत्ती 'मिळाली', पण कोणत्या खात्यात?

जालना जिल्ह्यातील एका वडिलांचे पत्र आहे. मुलाने २०२२-२३ मध्ये अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष पूर्ण केले. अनुसूचित जातीसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा त्याचा अर्ज मंजूर झाला होता. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या वाट्याची रक्कम ऑगस्ट २०२३ मध्ये वितरित झाल्याचे दिसते, पण अर्जात दिलेल्या जिल्हा बँकेच्या खात्यात एक रुपयाही आलेला नाही. महाविद्यालयाने ५१,००० रुपये थकबाकी काढली आहे आणि टीसी व मूळ गुणपत्रिका अडवून ठेवल्या आहेत. 'पैसे मिळालेच नाहीत तर भरायचे कशाचे? फसवणुकीची केस होईल का?' असे ते विचारतात. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न गेल्या काही महिन्यांत अनेकांनी विचारला आहे.

तुमची पात्रता, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यावर तुम्ही दीड पान लिहिले आहे. त्याबद्दल कुणाचाच वाद नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो. तुमचे सगळे प्रकरण मुलाने सही केलेल्या हमीपत्रातल्या एका वाक्यावर उभे आहे: 'केंद्र शासनाच्या वाट्याची रक्कम माझ्या आधार संलग्न बँक खात्यात जमा झाल्यापासून सात दिवसांत महाविद्यालयात भरीन.' त्यातही दोनच शब्द महत्त्वाचे आहेत, आधार संलग्न. 'अर्जात नमूद केलेल्या खात्यात' असे तिथे लिहिलेले नाही. तुम्ही मात्र तसे धरून बसला आहात, आणि महाविद्यालयाच्या तीन नोटिशींना उत्तर न देता कपाटात ठेवून दिलेत.

२०२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, आणि तो खाते क्रमांक पाहून नव्हे तर आधार क्रमांक पाहून जातो. एनपीसीआय म्हणजे बँकांमधले असे व्यवहार चालवणारे राष्ट्रीय महामंडळ; त्याच्या नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचे नाव असेल, तिथे पैसे पडतात. ते नाव म्हणजे शेवटी ज्या बँकेत आधार जोडला ती बँक. अर्जात तुम्ही जिल्हा बँकेचे पासबुक जोडले असले तरी त्याने काही बदलत नाही.

आता तुमच्या तीन पानी पत्रातले एकमेव कामाचे वाक्य, जे तुम्ही शेवटी ताजा कलम म्हणून लिहिले आहे: 'मुलाने मध्यंतरी सिमकार्ड घेताना दुकानात एक खाते उघडले होते, पण ते वापरात नाही.' अहो, पत्राची सुरुवात इथून करायला हवी होती! आधार दाखवून खाते उघडणे आणि सरकारी अनुदानासाठी ते आधारला जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. पण दुसरीसाठीची संमतीही त्याच मशीनवर, त्याच अंगठ्याबरोबर घेतली जाते, आणि अंगठा टेकवणारा स्क्रीनवर काय लिहिले आहे ते वाचत नाही. माझा अंदाज आहे की तुमचे पैसे तिथेच पडून आहेत.

अंदाजावर मात्र थांबू नका. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की आज कोणती बँक जोडलेली आहे ते कळेल. नोंद शेवटची कधी बदलली ती तारीखही नीट पाहा. मध्यंतरी आधार दुसरीकडे जोडला गेला असेल, तर ऑगस्ट २०२३ ची स्थिती तिथे दिसणार नाही. त्यासाठी समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयाला मुलाच्या नावाने पत्र द्या आणि चारच गोष्टी मागा: रक्कम, दिनांक, बँकेचे नाव, व्यवहार क्रमांक. पोच घ्या. उत्तर आले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. कायद्याने तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. ती न मिळाल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते, तेवढे विसरू नका.

व्यवहार यशस्वी झाला असेल, तर ५१,००० रुपये देणे आहेच. 'आम्हाला माहीतच नव्हते' हा बचाव मी तरी घेणार नाही. खाते निष्क्रिय झाले असेल तर केवायसी करून सुरू होते. पैसे काढा, भरा, पावती घ्या. व्यवहार फसून रक्कम परत गेली असेल, तर हमीपत्रातली 'जमा झाल्यापासून' ही अट पूर्णच झालेली नाही. मग माझ्या मते आज तुमच्याकडे बाकी मागता येत नाही, कार्यालयाने ती रक्कम पुन्हा पाठवायला हवी. तिसरी शक्यता, कुणीतरी ते पैसे काढून घेतल्याची. खात्याचा उतारा हाती येईपर्यंत त्यावर बोलण्यात अर्थ नाही. फौजदारी केसचेही तेच. नुसते पैसे थकले म्हणून फसवणूक होत नाही, पण उताऱ्यात रक्कम येताच काढलेली दिसली तर माझे मत बदलू शकते.

कागदपत्रांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तिथे महाविद्यालय चुकते आहे. देणे लागत असलात तरीही. मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी ताब्यात ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. आम्हा वकिलांनासुद्धा फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आम्हाला सुनावले आहे. महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्या. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका करता येईल, पण खासगी महाविद्यालयाविरुद्ध ती चालते का, इथूनच वाद सुरू होईल, आणि मुलाचा पुढचा प्रवेश तारखांची वाट पाहत बसणार नाही. ग्राहक आयोगाच्या वाटेला तर जाऊच नका.

'माफी मागून हप्त्याने भरतो' असे पत्र महाविद्यालयाला लिहू का, असेही तुम्ही विचारले आहे. पैसे कुठे आहेत हे कळेपर्यंत लिहू नका. अशा दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी दिलेली सहीची कबुली ती मुदत नव्याने सुरू करते. मुदत टळावी म्हणून शिष्यवृत्तीचे पैसे दाबून बसा, असे मी सांगत नाही. जे देणे नसेलही ते स्वतःच्या हाताने लिहून देऊ नका, एवढेच सांगतो. तिसऱ्या नोटिशीला मात्र दोन ओळींचे उत्तर आजच द्या: 'सदर रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली याची चौकशी सुरू आहे, हक्क अबाधित ठेवून हे उत्तर देत आहे.' सही मुलाची हवी, तुमची नको. तो सज्ञान आहे. बँकही त्याच्याशीच बोलेल, तेव्हा सोमवारी त्याला सोबत न्या आणि सिम घेतलेला तो जुना मोबाइल नंबर अजून चालू आहे का, हे घरून निघण्याआधी पाहा.