ग्रीक वीर वाचताना आधी भाषणं वाचा

लढायांपासून सुरुवात करू नका. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचा ९ वा सर्ग आधी घ्या. लढायचं सोडून रुसून बसलेल्या ग्रीक वीर अकिलीसची समजूत काढायला तिघे येतात: ओडिसियस, फिनिक्स आणि एजॅक्स. ओडिसियस ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याने देऊ केलेल्या नजराण्यांची यादी जवळजवळ शब्दशः सांगतो, पण ‘त्याने माझ्यापुढे नमावं’ हा शेवटचा भाग गाळतो. ती गाळलेली जागा स्वतः शोधा. अकिलीसलाही तिचा वास आला असावा, असं मला त्याच्या उत्तरावरून वाटतं: मनात एक आणि ओठांवर एक ठेवणाऱ्या माणसाचा आपल्याला तिटकारा आहे, असं तो सुरुवातीलाच सुनावतो. म्हातारा फिनिक्स मेलिएगरची कथा सांगतो (लांबते, पण सोडू नका). एजॅक्स सगळ्यांत थोडं बोलतो. आता तिघांना अकिलीसने दिलेली उत्तरं बघा: आधी ‘उद्याच घरी निघतो’, मग ‘सकाळी ठरवू’, शेवटी ‘हेक्टर (ट्रॉयचा वीर) माझ्या जहाजांपर्यंत आला तर लढेन’. सर्वांत जास्त हलवलं ते एजॅक्सच्या रोखठोक चार वाक्यांनी!

पुढे सोफोक्लीसचं ‘फिलोक्टेटीस’ हे नाटक वाचा, इ.स.पू. ४०९ चं. तिथे ओडिसियस अकिलीसच्या मुलालाच शिकवतो, दुसऱ्याला कसं फसवायचं ते. तो मुलगा पुढे काय करतो, हे आधी कुणालाही विचारू नका.