जुने मेसेज संगणकावरून पुसायचेत? वाचकांचे प्रश्न

आंब्याचा हंगाम आटोपला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि पावसाने घरात बसवलं की कोकणात मोबाइल साफ करण्याचे दिवस येतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच कामाचे आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

मालवणजवळ आमचं होमस्टे आहे. बँकेचे, ओटीपीचे, जाहिरातींचे मेसेज साठून डोंगर झालाय. मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर पुसत बसायला डोळे पुरत नाहीत. लॅपटॉपवरून पुसता येतात का?

येतात. मोबाइल अँड्रॉइड असेल आणि एसएमएससाठी तुम्ही गूगलचं ‘मेसेजेस’ ॲप वापरत असाल, तर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ‘मेसेजेस डॉट गूगल डॉट कॉम’ हा पत्ता टाका. मग मोबाइलवर त्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर बोट ठेवा आणि ‘डिव्हाइस पेअरिंग’मध्ये जा. तिथून लॅपटॉपवरचा क्यूआर कोड स्कॅन करता येतो किंवा गूगल खात्यानेही जोडता येतं. यादी उघडली की ज्या नावावर माउस न्याल त्याच्याशेजारी तीन टिंबं दिसतात, त्यात ‘डिलीट’ आहे. सगळं संभाषण न काढता एखादाच मेसेज काढायचा असेल, तर त्या मेसेजशेजारीही तीच टिंबं आहेत.

मात्र लॅपटॉप ही इथे नुसती खिडकी आहे, सामान सगळं मोबाइलमध्येच असतं. लॅपटॉपवर पुसलंत की मोबाइलमधूनही गेलं. ‘मोबाइलात असेलच की’ अशा भरवशावर अनेक जण पुसून मोकळे होतात आणि मग शोधत बसतात.

खरं सांगायचं तर घाऊक सफाईला मोबाइलच बरा. एका संभाषणावर बोट दाबून धरायचं, मग बाकीच्यांवर टिचकी मारत जायचं आणि कचरापेटीचं चिन्ह दाबायचं. लॅपटॉपचा उपयोग मोठ्या अक्षरांत वाचून काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवायला. त्यात एक सोय झाली आहे. 2025 पासून कंपन्यांच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर येतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘पी’वाले न वाचता काढा. नवे येऊ नयेत म्हणून 1909 वर फोन करून डीएनडी लावून घ्या. ओटीपी हाताने पुसायची तर गरजच नाही. त्याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये 24 तासांनी ओटीपी आपोआप काढण्याची सोय आहे, ती चालू करा.

पाहुण्यांच्या आगाऊ रकमेचे मेसेज मात्र ते राहून, हिशेब पुरा करून गेल्याशिवाय हलवू नका. गणपती आणि मे महिन्याच्या बुकिंगमध्ये कोणी किती दिले यावरून होणारे वाद तुम्हाला मी काय सांगणार!

गुहागरहून: हजारो एसएमएस पुसले, तरी ‘स्टोरेज फुल’ जात नाही. असं का?

कारण एसएमएस जागा खातच नाहीत. एका एसएमएसमध्ये मजकुराला 140 बाइट मिळतात. इंग्रजीत त्यात 160 अक्षरं बसतात, मराठीत 70, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. एक लाख एसएमएस साठले तरी नुसता मजकूर 14 एमबीच्या आसपास होतो. ॲप त्यासोबत तारीख-वेळ वगैरे ठेवतं ते धरलं, तरी लग्नातल्या एखाद्या व्हिडिओपुढे ते काहीच नाही. जागा हवी असेल तर फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपकडे वळा. एसएमएस पुसायचे ते पसारा आवरण्यासाठी आणि ओटीपी, खाते क्रमांक असली माहिती उघड्यावर राहू नये म्हणून.

देवगडात आमची कलमं आहेत. वाशीच्या दलालाकडे गेल्या हंगामाची काही पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, अजून अडकली आहे. पेट्या किती गेल्या, दर काय लागला हे सगळं एसएमएसवर ठरलं होतं. मुलगा म्हणतो, स्क्रीनशॉट काढून संगणकावर ठेवू आणि मोबाइल साफ करू. चालेल ना?

नाही चालणार. या वेळच्या सगळ्या प्रश्नांत मला काळजी वाटली ती याच एका प्रश्नाची.

स्क्रीनशॉट म्हणजे चित्र, आणि चित्र कोणीही बदलू शकतं. उद्या दलाल म्हणाला की मी असं काही लिहिलंच नव्हतं, तर तुमच्या हातात मूळ मेसेज असलेला मोबाइल हवा. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे मोबाइल-संगणकातली नोंद प्रतीच्या रूपात कोर्टात द्यायची असेल, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. नोंदीत फेरफार झालेला नाही हे ताडून पाहण्यासाठी हॅश नावाचा आकडाही त्यात लिहावा लागतो. मूळ मेसेजच पुसलेले असले, तर तज्ज्ञ तपासणार कशावर?

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ‘एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर’सारख्या ॲपने सगळ्या मेसेजची एक फाइल काढा. ती एक्सएमएल प्रकारची असते आणि तिच्यात पाठवणाऱ्याचा क्रमांक व वेळही येते. संगणकावर एक प्रत आणि पेनड्राइव्हवर दुसरी ठेवा, कारण दमट हवेत आणि विजेच्या लपंडावात आपल्याकडचे संगणक कधी मान टाकतील याचा नेम नाही. स्क्रीनशॉट खुशाल काढा, पण ते वाचायच्या सोयीसाठी. हे सगळं झाल्यावरही दलालाचं संभाषण मोबाइलमध्ये तसंच राहू द्या. बाकीचं हवं तेवढं साफ करा. मोबाइल बदललात तर जुना विकू नका, कपाटात ठेवा.

किती दिवस? विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती कधीपासून मोजायची हे व्यवहार कसा ठरला होता त्यावर अवलंबून असतं, तेव्हा तालुक्याच्या एखाद्या वकिलाला आत्ताच विचारा, मुदत भरत आल्यावर नको. आणि तोवर दलालाशी फोनवर काही बोलणं झालं, तर लगेच ‘आज ठरल्याप्रमाणे…’ असा एक मेसेज त्याला पाठवून ठेवत जा. तो गप्प राहिला तरी तुमच्याकडे तारखेची नोंद राहते.

फसवणुकीच्या मेसेजचंही तसंच. खात्यातून पैसे गेले असतील तर ती लिंक असलेला मेसेज रागाने पुसू नका. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

रत्नागिरीत कॉलेजला आहे. फॉर्म भरताना सायबर कॅफेतल्या संगणकावर माझे मेसेज उघडले होते आणि तसाच निघून आलो. आता सगळे मेसेज डिलीट करू का?

मेसेज पुसून काय होणार? उद्या येणारा ओटीपीही त्या स्क्रीनवर दिसेल. जोडणी तोडायची असते, आणि ती घरी बसून मोबाइलवरूनच तुटते. गूगल मेसेजेसमध्ये त्याच ‘डिव्हाइस पेअरिंग’मध्ये जाऊन सगळी उपकरणं ‘अनपेअर’ करा. व्हॉट्सॲप उघडलं असेल तर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणकाच्या नावावर बोट ठेवून ‘लॉग आउट’. पुढचं वाचायच्या आधी हे करून या. कॅफेत जीमेलही उघडलं असेल तर त्याचा पासवर्ड बदला.

आमची हर्णैला बोट आहे. व्हॉट्सॲपवर खलाशांचे, व्यापाऱ्यांचे, बर्फवाल्यांचे ग्रुप. मासळीचे व्हिडिओ इतके की मोबाइल हँग होतो. मासेमारीबंदीच्या दिवसांत संगणकावरून साफ करावं म्हणतो.

1 जून ते 31 जुलै हा वेळ चांगला आहे, पण संगणकापेक्षा मोबाइलवरच पटकन होईल. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायलींची वेगळी यादी मिळते. आधी तीच उपसा. मग सेटिंग्जमधून आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा तेच.

व्हॉट्सॲप वेबवर ‘डिलीट फॉर मी’ केलंत तरी तो मेसेज तुमच्या मोबाइलमधून जातोच, ग्रुपमधल्या बाकीच्यांकडे राहतो. सगळ्यांकडचा काढायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, त्यानंतर तो पर्याय मिळत नाही. मेसेज ठरावीक काळाने आपोआप जावेत अशीही सोय आहे, 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस. बर्फवाल्याच्या हिशेबाच्या ग्रुपला ती लावू नका.

एक गोष्ट सांभाळा. साफसफाईच्या ओघात हवामानाचे इशारे पाठवणारे क्रमांक ब्लॉक करू नका. जुना इशारा पुसायला हरकत नाही, नवा आला पाहिजे. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याने सोसलं आहे.

दापोलीहून: लेकीने मुंबईहून आयफोन दिला आहे. घरचा संगणक विंडोजचा. त्यावरून मेसेज पुसता येतील?

तुम्हाला हवे तसे नाही. ॲपल ही सोय मॅकवर देतं. तिथे आयक्लाउडमध्ये मेसेज चालू असतील, तर मॅकवर पुसलेलं आयफोनवरूनही जातं. तुम्ही आयफोनच्याच सेटिंग्जमध्ये ‘मेसेजेस’मधल्या ‘कीप मेसेजेस’ला एक वर्ष निवडा, त्याहून जुने आपोआप जातील. आधी लेकीला विचारा मात्र, तिचे जुने काही ठेवायचे असतील. हाताने पुसलेले ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण 30 दिवस सापडतात.

वेंगुर्ल्याहून: चुकून पुसलेले एसएमएस परत आणून देतो असं सांगणारं सॉफ्टवेअर संगणकावर टाकू का? दोन हजार मागताहेत.

नका टाकू. आजच्या अँड्रॉइडमध्ये पुसलेला मेसेज असा बाहेरून उचलता येणं फार अवघड आहे, आणि त्यासाठी मोबाइलची कुलपं उघडून अनोळखी माणसाच्या हाती द्यावी लागतात. सॅमसंगचं स्वतःचं मेसेज ॲप असेल तर त्यातली ‘रीसायकल बिन’ पाहा, तिथे 30 दिवस राहतात. गूगलचा बॅकअप चालू असेल तर त्यात एसएमएस असू शकतात, पण ते परत येतात फोन नव्याने सेट करताना. म्हणजे आधी फोन पूर्ण पुसावा लागतो, तेव्हा फोटोंची प्रत काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. सिम कंपनीच्या दुकानातही खेप घालू नका, मेसेजचा मजकूर ते देत नाहीत.