फ्रान्समध्ये शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं?

तू सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी ल्यॉंला निघाली आहेस, म्हणून आधी सर्वात महत्त्वाचं सांगतो: बोंजूर, म्हणजे फ्रेंचमधला नमस्कार. बेकरीत शिरून मी थेट "एक बॅगेट" (तिथला लांब पाव) म्हणालो, तर काउंटरवरच्या आजी नुसत्या बघत राहिल्या. मग हळूच "बोंजूर" म्हणाल्या आणि थांबल्या. मी बोंजूर म्हटल्यावरच पाव कागदात गुंडाळून हातात आला. बसमध्ये, दुकानात, ऑफिसात आधी हा एक शब्द म्हण, पुढचं मोडकंतोडकं फ्रेंच लोक मनापासून समजून घेतात.

कागदांचं मात्र मनावर घे. लाँग स्टे व्हिसा तू फ्रान्सला पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. हे पहिल्याच आठवड्यात उरकून टाक, परीक्षा सुरू झाल्या की राहूनच जातं. सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी विद्यार्थ्यांना मोफत आहे; त्यासाठी जन्मदाखला लागतो, तो चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस. घरमालक गॅरेंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा हमीदार, मागेल. तिथे आपलं कोण असणार? त्यासाठी 'विझाल' (Visale) ही सरकारमान्य हमी फुकट मिळते, घर शोधतानाच अर्ज कर.

शक्यतो रविवारी पोचू नकोस. बरीचशी दुकानं बंद असतात, माझी पहिली रात्र आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निघाली. जेवणासाठी क्रूस (CROUS) या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेची कँटीन शोध, बाहेरच्यापेक्षा खूपच स्वस्त पडते.

आणि पहिले पंधरा दिवस रडू आलं तर येऊ दे गं. मलाही आलं होतं.