सही-शिक्क्याची प्रत जरूर ठेवा, पण मजकूर अक्षरांतच द्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यातली अडचण मला फार ओळखीची आहे. साताऱ्यातील एका कार्यालयाच्या संकेतस्थळाचे काम तुमच्याकडे आहे. सूचना, अर्जांचे नमुने आणि लाभार्थ्यांच्या याद्या तिकडून सही-शिक्क्यानिशी स्कॅन होऊन येतात. एका दृष्टिहीन अर्जदाराने 'फोन काहीच वाचत नाही' अशी तक्रार केली, आणि कार्यालयाचे म्हणणे असे की मूळ कागद जसाच्या तसा टाका, टाइप केलेला मजकूर अधिकृत धरता येणार नाही. ओसीआर (स्कॅनच्या चित्रातली अक्षरे संगणकाने ओळखून मजकूर बनवणे) करून भागेल का आणि कोपऱ्यात सुगम्यतेचे बटण देणारे प्लगिन बसवले तर तक्रार मिटेल का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. चित्रांना पर्यायी मजकूर, शीर्षकांची उतरंड, फक्त कीबोर्डवर चालणारा मेनू, अर्जातील रकान्यांना जोडलेली नावे या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील असे धरून त्यांवर लिहीत नाही.

सांगलीत मी अशा कामात बरीच वर्षे आहे आणि मला सर्वांत महाग पडले ते जिल्ह्यातलेच एक कार्यालय. त्याचे नाव लिहिणार नाही. काम दिव्यांगांसाठीच्या एका योजनेचे होते, म्हणजे यादी वाचणारे लोक कोण असणार हे सर्वांना आधीच माहीत होते. ती यादी कशी तयार होत असे ते सांगते. लिपिकाच्या संगणकावर ती व्यवस्थित टाइप केलेली असे. मग तिची प्रिंट निघे, प्रिंटवर सही होई, गोल शिक्का नेमका शेवटच्या पाच-सहा नावांवर बसे, मग त्या कागदाची झेरॉक्स निघे आणि झेरॉक्स किंचित तिरकी ठेवून स्कॅन केली जाई. एवढ्या प्रवासानंतर जी पीडीएफ माझ्याकडे येई, तिच्यात एकही अक्षर उरलेले नसे, फक्त अक्षरांचे छायाचित्र असे. संगणकावरचा एनव्हीडीए किंवा फोनवरचा टॉकबॅक यांसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, अशा फाइलवर फार तर पानांची संख्या सांगतो आणि गप्प होतो. डोळस माणसालाही त्या यादीत नाव शोधण्याची सोय नसते आणि फोनवर ती मोठी करत गेले की शिक्क्याखालची नावे आणखीच फुटतात.

मी मूळ फाइल मागितली. फाइल बाहेर देता येत नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी मागितली तेव्हा पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले आणि तिथेच राहिले. शेवटी आम्ही यादी स्वतः टाइप केली, दोघांनी मिळून मूळ कागदाशी ओळीने ताडून पाहिली, संकेतस्थळावर साध्या तक्त्याच्या रूपात घातली आणि शेजारी स्कॅन प्रतीचा दुवा ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात तो तक्ता काढून टाकण्याचा निरोप आला. एखाद्या नावात अक्षराचा फरक पडला तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. मी तोडगा असा सुचवला होता की तक्ता कार्यालयाने तपासून एका ओळीचा होकार द्यावा आणि मगच तो प्रसिद्ध करावा. तो होकार देण्याचे काम आपले आहे असे मानणारे तिथे कोणीच नव्हते. तक्ता काढेपर्यंत आमचे उरलेले बिल अडवून ठेवले गेले आणि तक्ता निघाला.

पैशाचे नुकसान त्यातल्या त्यात कमी बोचते. मिरज तालुक्यातील एका दृष्टिहीन तरुणाचे आडनाव त्या यादीत चुकीचे पडले होते आणि हरकत नोंदवायला मोजके दिवस होते. तक्ता असता तर त्याने फोनवर स्वतःचे नाव ऐकले असते आणि चूक त्याच दिवशी लक्षात आली असती. प्रत्यक्षात कोणी तरी यादी वाचून दाखवीपर्यंत मुदत उलटून गेली होती. या प्रसंगाबद्दल शांतपणे लिहिणे मला अजूनही जमत नाही, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते आहे की ही लढाई फाइल स्कॅन झाल्यावर लढू नका.

सहीच्या आधीची फाइल मिळवणे हाच खरा उपाय आहे. 'अधिकृत प्रत' या मुद्द्यावर अडवणूक झाली तर शासनाचेच उदाहरण पुढे ठेवा. राज्याचे शासन निर्णय संकेतस्थळावर संकेतांकासह येतात आणि ते डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे त्यांच्या शेवटी लिहिलेले असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही लोक रोज काढतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला मान्यता आहे, त्यामुळे शाईची सही आणि गोल शिक्का असला तरच कागद खरा, हा आग्रह कायद्यातून आलेला नसून सवयीतून आलेला आहे. कार्यालयात डिजिटल स्वाक्षरी असेल (निविदांच्या कामासाठी ती बहुतेक ठिकाणी असते), तर अक्षरे शाबूत असलेल्या पीडीएफवरच ती करून घ्या. मात्र सही झाल्यावर फाइल लहान करण्यासाठी ती कुठल्याही साधनातून काढू नका, कारण फाइलमध्ये थोडाही बदल झाला की स्वाक्षरीची पडताळणी अपयशी ठरते. तशी फाइल छापून पुन्हा स्कॅन करणारेही मी पाहिले आहेत, तेव्हा हे पत्रात स्पष्ट लिहिलेले बरे.

डिजिटल स्वाक्षरी नसेल तर मजकूर पानावर आणि सही-शिक्क्याची प्रत शेजारी, अशी जोडी ठेवा आणि मजकुरावर 'तफावत आढळल्यास स्वाक्षरीत प्रत ग्राह्य' अशी ओळ घाला. आमच्या त्या कार्यालयाने नाकारलेली हीच व्यवस्था पुढे दुसऱ्या एका संस्थेने विनातक्रार स्वीकारली, कारण तिथे ती कामाच्या आदेशातच लिहिलेली होती. मजकूर कोणी, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत द्यायचा, आणि प्रसिद्धीपूर्वी तो कोण तपासणार, या गोष्टी आदेशात नसतील तर काम सुरू करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. घर चालवायचे असताना काम सोडणे सोपे नसते हे मला समजते, पण निदान एक पत्र देऊन पोच घेऊन ठेवा.

मूळ फाइल मिळाली तरी लगेच निश्चिंत होऊ नका. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप होते. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या प्रमाणित पद्धतीत, बदलून घ्यावी लागते आणि तिथे पहिली वेलांटी व रफार हमखास घोटाळा करतात. 'वार्षिक' हा शब्द घ्या. जुन्या फाँटात व, काना, पहिली वेलांटी, ष, रफार, क असा क्रम असतो, कारण तिथे जसे दिसते तसे टाइप करतात. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी अर्धा र, मग ष, मग वेलांटी असा क्रम लागतो. बदलणाऱ्या साधनाने ही अदलाबदल नीट केली नाही तर शब्द डोळ्यांना जेमतेम बरा दिसतो आणि कानाला मात्र लागत नाही. म्हणून बदललेला मजकूर एकदा तरी ऐकून तपासा. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफचीही परीक्षा घ्यावी: त्यातला एक परिच्छेद कॉपी करून वर्डमध्ये चिकटवा. जोडाक्षरे तुटून आली, तर स्क्रीन रीडरलाही तसाच मजकूर मिळण्याची शक्यता मोठी आहे.

ओसीआरबद्दल माझे मत कठोर आहे. टेसरॅक्ट या ओसीआरच्या साधनात मराठीची सोय आहे आणि स्वच्छ छपाईवर ते उपयोगी पडते, पण 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', '१' आणि '९' यांची अदलाबदल झाली तर ती नेमकी नावांत, रकमांत आणि तारखांत घातक ठरते. टाइप करण्याचा वेळ वाचवण्यापुरते ते वापरा आणि नंतर प्रत्येक ओळ माणसाने ताडून पाहा. तपासणीविना ओसीआरची यादी प्रसिद्ध करणे स्कॅनपेक्षाही वाईट, कारण ती चुकीची माहिती खात्रीशीर आवाजात सांगते.

प्लगिन बसवू नका. अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करणे हे ज्यांना हवे असते त्यांच्या फोनमध्ये ते आधीच चालू असते, आणि स्कॅनमध्ये नसलेली अक्षरे कुठलेही बटण निर्माण करू शकत नाही. एका ओळीच्या कोडने कुठलेही संकेतस्थळ निकषांत बसेल अशा दाव्यांसाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असे प्लगिन विकणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीविरुद्ध दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला होता. विक्रेता तुमच्या साहेबांना सादरीकरण दाखवायला आलाच, तर ही माहिती हाताशी असू द्या.

कायद्याचे थोडे सांगते, पण मी वकील नाही, तेव्हा पत्रात वापरण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहणे शासनाचे काम आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्तीचे निकष मागतो आणि त्या नियमाने त्यांना नुसते मार्गदर्शनाचे स्वरूप दिले होते. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. अर्जदाराला तक्रार करायची असेल तर आधी त्या कार्यालयाकडेच लेखी जावे आणि तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. तक्रार अर्जदाराने करावी आणि तुम्ही त्याला तांत्रिक मुद्दे लिहून द्यावेत. कंत्राटदाराने स्वतः तक्रारदार होण्याचा परिणाम बिलावर होतो, हे मी अनुभवाने सांगते.

अर्जाचे पान तुमच्याच हातात आहे असे दिसते, म्हणून तिथल्या दोन-तीन गोष्टी सांगते. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. नावाच्या रकान्यात 'फक्त अक्षरे' असा नियम लावला असेल तर काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे त्यात धरली आहेत का ते पाहा. ती सुटली तर 'कदम' स्वीकारले जाते आणि 'पाटील' नाकारले जाते, आणि चूक कुठे झाली हे बिचाऱ्या अर्जदाराला कधीच उमगत नाही. देवनागरी अंकांत लिहिलेला मोबाइल क्रमांकही स्वीकारा, आतल्या आत बदलून घ्या. 'कऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो आणि दिसायला अगदी सारखा असतो. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकच केली नाहीत, तर त्या गावचा माणूस यादीत असूनही शोधात सापडत नाही. मराठी मजकुरात अक्षरांमधले अंतर वाढवण्याची शैली वापरू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधले अंतर मात्र मोकळे ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणूनच नोंदवा. तयार साच्यात बहुधा इंग्रजी राहून गेलेली असते आणि मग काही फोनवर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो.

कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असल्यास कळवा. त्याआधी त्या अर्जदाराची हरकतीची मुदत कधी संपते ते विचारून घ्या आणि ती जवळ आली असेल तर यादीतली त्याची ओळ आजच फोन करून वाचून दाखवा. पत्र उद्या लिहिले तरी चालेल.