मैल 70ला परत फिरायचं

"डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, आता पळायला हरकत नाही. पण शूजची नाडी बांधायला वाकलो की पोटात गोळा येतो. ताई, मी भित्रा झालोय का हो?"

पिट्सबर्गच्या उपनगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वर्षातून चार-पाचदा तरी येतो. गुडघा, घोटा, पाठ, अवयव बदलतो, प्रश्न तोच. त्यातला एक अनुभव सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्या नवरा-बायकोची, दोघांची संमती आहे.

सुहास चव्वेचाळीस वर्षांचा. मे महिन्यातल्या पिट्सबर्ग मॅरेथॉनची तयारी करताना मार्चमध्ये त्याच्या उजव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला बारीक चीर गेली. सहा आठवडे पायात तो गुडघ्यापर्यंतचा जाडजूड बूट, मग चालणं, मग फिजिओकडे तीन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. सप्टेंबरमध्ये माझ्याकडे आला तेव्हा ट्रेडमिलवर पंचवीस मिनिटं हे त्याला आरामात जमत होतं. घराबाहेर मात्र पाऊल उचलत नव्हतं. आणि ऑक्टोबरच्या एका वीकेंडला तीन मित्रांच्या कुटुंबांनी ओहायोपाईल या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावी घर भाड्यानं घेतलं होतं, ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेजवर पळायला.

ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट आहे, पिट्सबर्ग ते मेरीलँडमधलं कंबरलंड, 150 मैल. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची गाडी 1975 साली बंद झाली, रूळ निघाले, आणि ओहायोपाईलचा पहिला तुकडा 1986मध्ये लोकांसाठी खुला झाला. खाली चुनखडीची बारीक दाबलेली कच. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे वाट जवळजवळ सपाट. दुखापतीतून उठलेल्या माणसाला यापेक्षा चांगली जागा कुठली, असं मलाही वाटलं होतं.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. पुस्तकातली हालचालीची भीती समजून मी पायऱ्या आखल्या: आधी नुसतं वाटेवर जाऊन उभं राहायचं, मग दोनशे पावलं, मग पाचशे. तो मुकाट सगळं करायचा आणि पुढच्या भेटीला तसाच येऊन बसायचा.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "मार्चमध्ये दुखायला लागलं त्या दिवशी घरी काय म्हणालात?"

बराच वेळ तो पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत बसला. मग म्हणाला, "काहीच नाही. तीन आठवडे काहीच नाही. सकाळी गोळी घेऊन पळायचो. रेवतीनं विचारलं तर म्हणायचो, शूज नवीन आहेत."

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. रेवतीनं, त्याच्या बायकोनं, तीन महिने मुलांना क्लासला सोडलं, बर्फ उपसला, त्याला आंघोळीला स्टूल दिलं, आणि एकदाही "मी म्हटलं होतं ना" असं म्हणाली नाही. न बोललेलं ते वाक्य घरात सोफ्यासारखं जागा अडवून बसलं होतं.

त्याची भीती पायाची नव्हतीच. पाय एकदा दुखला तर तो तेव्हा खरं बोलेल, याची त्याची त्यालाच खात्री नव्हती. ती कशी असणार? मागच्या वेळी तो तीन आठवडे स्वतःशीच खोटं बोलला होता. हाडाच्या डॉक्टरांकडे याचा एक्स-रे नाही.

मग पळणं बाजूला ठेवलं आणि बोलण्याचा सराव धरला. रोज रात्री जेवताना दुखण्याचा शून्य ते दहामधला एक आकडा रेवतीला सांगायचा, तिनं न विचारता. शून्य असला तरी सांगायचा. तिनं फक्त "बरं" म्हणायचं, सल्ला नाही. (हे "बरं" तिला फार जड गेलं, असं नंतर कळलं.) फिजिओचा नियम वेगळा आणि कडक होता: स्नायूच्या ठणक्याला थोडी सवलत, पण हाडाच्या जुन्या जागी बोट दाबल्यावर एका ठिकाणी टोचलं तर तिथेच थांबायचं. हा नियम त्याच्या आजाराचा, त्याच्या फिजिओनं दिलेला. तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

ओहायोपाईलहून याच वाटेवरचं पुढचं गाव, कॉन्फ्लुअन्स, दहा-अकरा मैल. नदी एका हाताला, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि मधल्या बऱ्याच भागात गाडी येईल असा रस्ता नाही, फोनलाही रेंज धड नाही. गेलात तेवढं परत यावंच लागतं. सपाट वाटेचा धोकाही हाच. घराजवळ चढ लागला की पाय आपोआप मंदावतात, इथे आठवण करून देणारं कोणी नाही. एकसारखं पाऊल पडत राहतं आणि माणूस म्हणतो, अजून एक मैल. वाटेवर मैलांच्या खुणा आहेत, कंबरलंडपासून मोजलेल्या. ओहायोपाईलची 72च्या आसपास, आणि कॉन्फ्लुअन्सकडे जाताना आकडा उतरत जातो. आम्ही ठरवलं, 70 दिसला की परत, कितीही बरं वाटत असलं तरी. मित्र कॉन्फ्लुअन्सपर्यंत जाणार होते, त्यांना आदल्या रात्रीच सांगून टाकायचं. रेवती भाड्याच्या सायकलवर सोबत.

शनिवारी 70ला पोहोचला तेव्हा पाय हलका होता. "ताई, खोटं कशाला, 69 मला बोलावत होता," म्हणाला. रेवती सायकल थांबवून नदीकडे बघत राहिली. तो वळला.

रविवारी मैलभर गेल्यावर पोटरीजवळ काहीतरी ओढलं. त्यानं थांबून मोठ्यानं सांगितलं, "दोन." नडगीवर बोट दाबून पाहिलं, तिथे काही नव्हतं. तरी चालत परत फिरला. ती सायकलवरून उतरली आणि ढकलत त्याच्या बाजूनं चालू लागली. मित्र परतले तेव्हा हे दोघं पायरीवर बसून कालचे थंडगार पोहे खात होते.

सोमवारी फिजिओनं पाहिलं, पोटरीचा स्नायू आखडला होता. आकडा तीन दिवस दोन राहिला, चौथ्या दिवशी एक. सुहास आता आठवड्यातून दोनदा एकटा पळतो, अर्धा तास.

नोव्हेंबरमध्ये रेवतीनं स्वतःसाठी वेगळी वेळ मागितली. म्हणाली, "तो खरं सांगतो, मी बरं म्हणते. पण दोन ऐकलं की मला रात्रभर झोप नाही. त्याचं काय करू?" त्यावर आम्ही अजून काम करतोय.