गुडघ्यात कोणता धातू बसवावा? टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम की 'सोनेरी कंपोझिट'?

तुमचा प्रश्न असा: चोपड्याला आईचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरलेत, डॉक्टर कोबाल्ट-क्रोम म्हणतात, मेहुणे टायटॅनियमवर अडून बसलेत, आणि कुणीतरी सोनेरी रंगाचा 'कंपोझिट' गुडघा तीस वर्षं टिकतो असं सांगितलंय.

मी डॉक्टर नाही. जळगावच्या एमआयडीसीत लेथ आणि सीएनसीचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांचं, छोटं वर्कशॉप आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या आईच्या गुडघ्यांच्या वेळी घरात हाच वाद झाला होता, म्हणून धातूपुरतं बोलतो.

मेहुण्यांचं निम्मं बरोबर आहे. टायटॅनियम हलकं, शरीरात गंजत नाही, हाड त्याला छान धरतं. पण घासायच्या जागी ते फार वाईट. आमच्याकडे एकदा टायटॅनियमचे चार जॉब आले होते. उष्णता सगळी टूलच्या टोकाशी कोंडते, चिप टूललाच चिकटते. चार जॉबला मी सहा इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलायची पाती) खाल्ले. नट आणि बोल्ट दोन्ही टायटॅनियमचे असले तर आवळताना एकमेकांना असे धरतात की कापूनच काढा. म्हणून मांडीच्या हाडाच्या टोकावर जी गोलसर टोपी बसते ती बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमची असते. त्यात २८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, ६ टक्के मॉलिब्डेनम, बाकी मुख्यतः कोबाल्ट. आरशासारखं पॉलिश घेतं आणि टिकवतं. नडगीच्या हाडावरची ताटली बऱ्याच मॉडेलमध्ये टायटॅनियमची असते. दोन्हीच्या मध्ये प्लास्टिकची गादी. म्हणजे तुमचे डॉक्टर आणि मेहुणे कदाचित एकाच गुडघ्याबद्दल भांडताहेत!

आता 'कंपोझिट'. सराफाकडचं २२ कॅरेट सोनं म्हणजे मिश्रधातू. तांबं-चांदी त्यात विरघळून गेलेली, वेगळी दिसणार नाही. बैलगाडीचं चाक आठवा. लाकडावर लोखंडी धाव तापवून चढवायची, पाणी ओतलं की ती आवळून बसते. लाकूड हादरे खातं, धाव झीज खाते, आणि दोघं शेवटपर्यंत वेगळेच राहतात. कंपोझिटची कल्पना ही. कोबाल्ट-क्रोम स्वतः मिश्रधातूच आहे, पण अख्खा सांधा मात्र या चाकासारखा जमवलेला असतो.

अशी जमवाजमव का लागते? कडकपणामुळे. गिगापास्कलमध्ये मोजलं तर आपलं कठीण हाड साधारण १५ ते २०, टायटॅनियम ११०, कोबाल्ट-क्रोम २२० च्या आसपास. फार कडक वस्तू शेजारी बसवली की सगळा भार तीच उचलते आणि हाड रिकामं बसून विरळ होतं, प्लास्टरमधून निघालेला हात बारीक दिसतो तसंच. मग इम्प्लांट शाबूत राहतं आणि हलतं त्याच्या भोवतीचं हाड. म्हणून हाडाला टेकणारी बाजू कधी सच्छिद्र ठेवतात, तर कधी टायटॅनियमवर हाडातलंच खनिज, हायड्रॉक्सीॲपेटाइट, फवारून चढवतात. अशा खनिजाची पूड धातूतच मिसळून केलेले अस्सल धातू-कंपोझिट मात्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहेत. त्या नावाखाली कुणी काही विकत असेल तर नीट चौकशी करा.

आणि टिकाऊपणाचा खरा मामला धातूपेक्षा त्या गादीचा आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या सर्जनने खुब्याच्या सांध्यात आधी टेफ्लॉन वापरलं. ते काही वर्षांतच झिजलं आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या पेशी खवळल्या; पेशंट पुन्हा टेबलावर घ्यावे लागले. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने मागाच्या गिअरसाठी वापरायचं एक प्लास्टिक आणून दाखवलं. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकी झाली नाही. आज गुडघ्यात असते ती त्याच जातीच्या पॉलिथिलीनची सुधारलेली गादी. (माझे आजोबा अमळनेरला गिरणीत मागावर होते. हे कळलं तेव्हा मला उगाच घरचं वाटलं.)

सोनेरी गुडघा: तो रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या जातीच्या थराचा. आमच्या ड्रिलवरही तसलाच सोनेरी थर असतो, जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. खोटे दागिने घातले की आईंना खाज, पुरळ येत असेल, म्हणजे निकेलची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. तिथे अशा थराचा विचार होतो. एरवी तो साध्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो असं सिद्ध झालेलं नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकल्याचं दिसलं, आणि त्यात साधे गुडघेच जास्त असणार, हा माझा अंदाज.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कमाल किमती बांधल्या: साधा कोबाल्ट-क्रोम ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा (वरचा थर सिरॅमिकसारखा कडक केलेला धातू) ७६,६००, वर जीएसटी. नंतर आकडे बदललेत, आजचे विचारून घ्या. वरच्या फरकाच्या पैशात फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा. आमच्या आईचा पाय धातूमुळे नाही, रोजच्या त्या कंटाळवाण्या व्यायामाने सरळ झाला.

ती अजून विचारते, "मना गुडघामा सोनं शे का रे?" मी कपाटातली फाइल दाखवतो. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर, मॉडेल आणि लॉट नंबरसह, डिस्चार्जच्या कागदांना लावून मिळतात. ते मागून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी फक्त गादी बदलायची वेळ आली तर सर्जन पहिला तोच नंबर विचारेल.